सातपुड्यातल्या बाईच्या सुखावर हरकत कुणाची?

अक्कलकुव्याचं नाव मराठी वाचकाच्या कानावर येतं ते बहुधा दोन कारणांनी. एक, काठीची राजवाडी होळी. दुसरं, पावसाळ्यात बांबूच्या झोळीत घालून दवाखान्याकडे नेलेली बाळंतीण. मोलगीच्या पलीकडे, नर्मदेच्या अंगाला उतरत जाणाऱ्या कितीतरी पाड्यांवर रस्ता मध्येच संपतो, पुढे पायवाट उरते, आणि झोळीची बातमी पुन्हा पुन्हा छापून येते. म्हणून या तालुक्याचं नाव घेऊन बाईच्या लैंगिक सुखाच्या साधनाबद्दल, त्यातही सक्शन व्हायब्रेटर नावाच्या उपकरणाबद्दल लिहिलं की पहिली हरकत ठरलेली असते: जिथे बाई बाळंतपणात दगावते, तिथे हे कसले शहरी चोचले?

ही हरकत घेणारी सगळी माणसं दुष्ट नसतात. त्यांतल्या अनेकांनी कुपोषणावर, बालमृत्यूवर आयुष्यं खर्ची घातली आहेत. म्हणूनच तिला खांदे उडवून उत्तर देता येत नाही, मुद्द्यानेच द्यावं लागतं.

रस्ता, रुग्णवाहिका, भूलतज्ज्ञ आणि रक्तसाठा ही सरकारची देणी आहेत. बाईने स्वतःच्या पगारातून विकत घेतलेली दोन-चार हजारांची वस्तू त्या पैशांतला एक रुपयाही कमी करत नाही. अक्कलकुव्यात परिचारिका आहेत, शिक्षिका आहेत, बँकेत आणि तहसील कचेरीत काम करणाऱ्या बाया आहेत, नवरा ऊसतोडीला गुजरातेत गेल्यावर सहा-सहा महिने एकटीने घर ओढणाऱ्या आहेत, विधवा आहेत, लग्न न केलेल्या आहेत. त्यांनी मोबाईलवर 425415 हा पिनकोड टाकून काय मागवावं, याचा मोलगीच्या रस्त्याशी काही संबंध नाही. तो संबंध जोडला जातो, कारण मनात एक हिशेब आधीच पक्का असतो: गरीब भागातली बाई म्हणजे गर्भाशय. ते सुरक्षित ठेवलं की आपलं कर्तव्य संपलं.

या हिशेबाने बायकांचं काय नुकसान केलं, ते महाराष्ट्राला गडचिरोलीने दाखवून दिलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष जानेवारी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक अवयवांचा आजार होता, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. या बायका सरकारी यंत्रणेच्या नजरेबाहेर होत्या असं नव्हे. कुटुंबनियोजन आणि बाळंतपण यांपुरती ती नजर त्यांच्यावर होतीच. अंगावरून पांढरं जातं, संबंधांच्या वेळी दुखतं, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. बाईला माता म्हणून मोजलं की तिच्या शरीराचा उरलेला भाग दिसेनासा होतो. दुखणं दिसेनासं होतं, तसं सुखही. ‘आधी दुखणं बघू, सुखाचं नंतर’ असं म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. ज्या बाईला आपल्या शरीराबद्दल संकोच न बाळगता बोलण्याची सवय आहे, तीच वेदनेबद्दलही लवकर बोलते. सुखाचा शब्द काढू न देता दुखण्याबद्दल मोकळेपणा मागता येत नाही.

दुसरी हरकत उलट्या बाजूने येते आणि ती कौतुकाच्या सुरात असते. आदिवासी बाई मुळातच मोकळी, तिच्याकडे भोंगऱ्या आहे, पुनर्विवाहाला आडकाठी नाही, तिला असल्या यंत्राची काय गरज? होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला शहरी लेखकांनी स्वयंवराचा मेळा करून टाकला. सातपुड्यातल्या लोकांसाठी तो सणाआधीच्या खरेदीचा, ढोल-पावरीचा, नातेवाइकांच्या भेटीचा बाजार असतो, आणि या रंगवलेल्या चित्राचा आदिवासी कार्यकर्त्यांनी अनेकदा निषेध केला आहे. भिल्ल-पावरा समाजात बाईला काही बाबतींत जास्त मोकळीक आहे हे खरं. पण याच समाजात देज, म्हणजे वधूमूल्य, ठरवायला पुरुष बसतात, याच डोंगरांत बाईवर डाकीण असल्याचा आळ घेऊन तिला मारहाण झाल्याच्या घटना घडतात आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना त्यासाठी गावोगाव जावं लागतं. शिवाय अक्कलकुवा म्हणजे फक्त आदिवासी पाडे नव्हेत. महामार्गावरचं हे बाजाराचं गाव आहे, गुजरातची हद्द हाकेच्या अंतरावर आहे, जामिया इस्लामिया इशातुल उलूमसारखी मोठी शिक्षणसंस्था आहे, गुजर आहेत, मुसलमान आहेत, बदलीवर आलेले नोकरदार आहेत. इतक्या तऱ्हेच्या बायकांच्या गरजांवर एका लोककथेचा पडदा टाकणं हा त्यांचा गौरव नाही.

आता सगळ्यात ठासून सांगितली जाणारी गोष्ट: ‘हे बेकायदा आहे.’

तसं नाही. किमान ज्या अर्थाने सांगितलं जातं त्या अर्थाने तर नाहीच. आपल्या कायद्यात ‘सेक्स टॉय’ हा शब्द लिहून घातलेली बंदी नाही. आहे ती अश्लील वस्तू विकण्यावरची बंदी. पूर्वी ती भारतीय दंड संहितेच्या 292 व्या कलमात होती, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 294 व्या कलमात आहे. आयातीसाठी सीमाशुल्क कायद्याखाली 1964 साली काढलेली एक अधिसूचना आहे आणि तिच्यातही अश्लील पुस्तकं, चित्रं आणि वस्तू असाच उल्लेख आहे. म्हणजे सगळं येऊन ठेपतं ते अश्लील कशाला म्हणायचं यावर. 1964 सालीच सर्वोच्च न्यायालयाने मुंबईचे पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांच्या खटल्यात इंग्लंडमधली 1868 सालची हिक्लिन कसोटी लावली होती. ज्याचं मन बिघडू शकतं अशा कुणाच्याही हाती वस्तू पडली तर काय होईल, हे त्या कसोटीत पाहिलं जायचं. त्याच न्यायालयाने 2014 साली अवीक सरकार प्रकरणात ती कसोटी बाजूला सारली आणि आजच्या समाजाची धारणा प्रमाण मानली. पन्नास वर्षांत कायदा इतका पुढे आला. बाजारातली भीती मात्र उदेशींच्या काळातलीच राहिली आहे.

मुंबईतलं एक प्रकरण या हरकतीचा पायाच काढून घेतं. डॉक ब्राऊन इंडस्ट्रीज या आयातदाराचे बॉडी मसाजर मुंबईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी अडवले. ही उपकरणं लैंगिक सुखासाठी वापरता येतील, सबब ती अश्लील, सबब 1964 च्या अधिसूचनेखाली निषिद्ध, असा निष्कर्ष काढून आयुक्तांनी 2022 साली माल जप्त केला. अपिलीय न्यायाधिकरणाने 2023 मध्ये तो आदेश रद्द केला. सीमाशुल्क विभाग उच्च न्यायालयात गेला. मार्च 2024 मध्ये न्या. गिरीश कुलकर्णी आणि न्या. किशोर संत यांच्या खंडपीठाने विभागाचं अपील फेटाळलं. वस्तूचा एक संभाव्य उपयोग अधिकाऱ्याच्या मनात आला म्हणून ती निषिद्ध ठरत नाही, आणि देशातल्या बाजारात उघड विकली जाणारी वस्तू बंदरावर अश्लील कशी, हा या निकालाचा गाभा. या निकालाने सगळेच प्रश्न सुटले असं नाही. न्यायालयापुढे वस्तू ‘मसाजर’ म्हणून होती, आणि ‘हो, ही बाईच्या सुखासाठीच आहे, मग?’ असं म्हणणारा आयातदार अजून त्या न्यायालयाच्या दारात उभा राहायचा आहे. तरीही कल्पनेवर आधारलेल्या जप्तीला मुंबईत लगाम लागला, हे मोठं आहे.

शेजारच्या गोव्यात काय झालं तेही सांगायला हवं. फेब्रुवारी 2021 मध्ये कळंगुटला ‘कामा गिझ्मोज’ नावाचं दुकान उघडलं. देशातलं असं पहिलं उघड दुकान म्हणून त्याच्या बातम्या झाल्या. महिन्याभरातच ग्रामपंचायतीने व्यापार परवाना नसल्याचं कारण दिलं आणि दुकान बंद झालं. अश्लीलतेचा खटला नाही, न्यायालय नाही. परवान्याचा कागद पुरेसा ठरला. ज्या किनाऱ्यावर पर्यटनाच्या नावाखाली काय काय खपवून घेतलं जातं, तिथे हे घडलं.

मराठीत ही लढाई नवी नाही आणि परकी तर मुळीच नाही. र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी दवाखाना उघडला तेच हे वर्ष. विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी त्यांना 1925 मध्ये सोडावी लागली. जुलै 1927 पासून 1953 मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. पत्नी मालतीबाई त्यांच्या बरोबरीने या कामात होत्या. वाचक हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी आकर्षणाबद्दल विचारत आणि कर्वे त्यांना घाबरवून न सोडता उत्तरं देत. त्या उत्तरांवरून 1934 मध्ये खटला झाला तेव्हा बचावाला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यावरून ते अश्लील ठरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. कर्वे खटला हरले, दंड झाला. पण मुद्दा त्याच दिवशी मराठी माणसाच्या वतीने न्यायालयात मांडला गेला होता. बाईलाही लैंगिक सुखाचा पुरुषाइतकाच हक्क आहे, असं कर्वे उघड लिहीत. त्यामुळे हे सगळं पाश्चात्त्यांकडून कालपरवा आलं असं म्हणणाऱ्याने आधी ‘समाजस्वास्थ्य’चे अंक चाळावेत.

बाजारातल्या या भीतीची किंमत शेवटी ग्राहक बाई मोजते. विक्रेता खोक्यावर ‘पर्सनल मसाजर’ लिहितो आणि चित्र मानेचं छापतो. मग वापराच्या सूचनाही मानेच्याच छापाव्या लागतात. उपकरण नाजूक त्वचेला लागणार आहे, तिथे कोणतं प्लास्टिक चालतं, ते कसं धुवायचं, बाळंतपणाचे टाके ओले असताना वापरायचं नाही, जंतुसंसर्ग असेल तर थांबायचं, यांतलं एकही वाक्य त्या कागदावर येत नाही. म्हणजे सभ्यतेच्या नावाने जे लपवलं जातं ती असते सुरक्षिततेची माहिती. लैंगिक उपकरणांच्या सामग्री आणि सुरक्षिततेसाठी 2021 साली आयएसओ 3533 हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. मानेच्या मसाजरला ते लावायचं कारणच कुणाला उरत नाही.

जे खोक्यावर नाही ते इथे सांगायला काय हरकत आहे?

बाईच्या शिश्निकेचा, म्हणजे क्लिटोरिसचा, बाहेर दिसतो तो फक्त टोकाचा भाग. उरलेला अवयव आत, योनिमार्गाच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असतो. मेलबर्नच्या युरॉलॉजिस्ट हेलन ओकॉनेल यांनी 1998 साली शवविच्छेदनातून ही रचना नीट मांडली आणि तोवरची वैद्यकीय पुस्तकं किती अपुरी होती ते दाखवलं. या अवयवात 8000 मज्जातंतू असतात, हा वर्षानुवर्षं फिरणारा आकडा जनावरांच्या अभ्यासावरून आलेला होता. अमेरिकेत ओरेगनच्या ब्लेअर पीटर्स यांनी 2022 मध्ये मानवी ऊतीवर मोजणी केली तेव्हा सरासरी दहा हजारांच्या वर भरली. आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या, एक हजारावर अमेरिकन स्त्रियांच्या पाहणीत केवळ संभोगाने परमोच्च सुख मिळतं असं सांगणाऱ्या होत्या 18 टक्क्यांच्या आसपास. हा आकडा अमेरिकेचा आहे, पण शरीररचना अक्कलकुव्यात वेगळी नसते. ‘नवरा असताना बाईला याची गरजच काय’ हा प्रश्न विचारणाऱ्याला शरीररचनाशास्त्रच उत्तर देतं. नवऱ्यावर त्यात कसलाच आरोप नाही.

आता उपकरणाकडे. ‘सक्शन’ हे नाव दुकानदारांचं आहे, आणि ते दिशाभूल करतं. 2014 साली जर्मनीत बव्हेरियाच्या मिखाएल लेन्के यांनी ‘वुमनायझर’ बाजारात आणलं. मत्स्यपेटीच्या हवेच्या पंपावर प्रयोग करत त्यांनी सुरुवात केली आणि पत्नी ब्रिगिट यांनी चाचण्या घेतल्या. उपकरणाच्या टोकाला छोटी खोलगट वाटी असते, ती शिश्निकेच्या टोकाभोवती टेकते आणि आतला पडदा पुढे-मागे होऊन हवेचा दाब झपाट्याने कमी-जास्त होतो. सतत ओढ बसत नाही, स्पंदनं होतात. खरी, सलग निर्वात ओढ देणारं उपकरण वेगळं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2000 साली मान्यता दिलेलं ‘इरॉस’ त्या प्रकारचं होतं, रक्तपुरवठा वाढवण्यासाठी, डॉक्टरच्या सल्ल्याने वापरायचं. दोन्ही गोष्टी एकाच शब्दाखाली विकल्या की ज्या बाईला ओढ सोसत नाही ती हवेच्या स्पंदनांच्या उपकरणालाही उगाच घाबरते. आणि जिला हवेची हलकी स्पंदनं हवी असतात, तिच्या हाती हातपंपाचं काहीतरी येतं.

तिसरा प्रकार ‘सोनिक’. स्वीडनच्या ‘लेलो’ने 2017 मध्ये ‘सोना’ आणलं. त्यात वाटीचा तळ सिलिकॉनच्या अखंड पडद्याने बंद असतो आणि तो पडदाच थरथरतो. आतपर्यंत लहरी पोचतात हा कंपनीचा दावा. तो जसाच्या तसा मानायचं कारण नाही, पण भोक नसल्याने धुवायला सोपं, हा फायदा कुणालाही डोळ्यांनी दिसतो. चौथा प्रकार दुहेरी उपकरणांचा: एक फांदी योनीत, वाटी बाहेर. पहिल्यांदा घेणारीने याच्या वाटेला जाऊ नये हे स्पष्ट मत. दोन टोकांमधलं अंतर कारखान्यात ठरलेलं असतं आणि शरीरं साच्यातून निघत नाहीत. एक टोक बसलं तर दुसरं सरकतं, आणि पैसे दुप्पट गेलेले असतात.

‘सॅटिसफायर’ने 2016 साली हाच हवेचा प्रकार बऱ्याच कमी किमतीत आणला. त्यावरून दोन जर्मन कंपन्यांत पेटंटची भांडणं लागली, पण ग्राहकाचा फायदाच झाला. महाग तेच चांगलं, हे या वस्तूंच्या बाबतीत खरं नाही. खरं नाही तसं स्वस्त सगळं सारखंच, हेही नाही. 2021 मध्ये समाजमाध्यमांवर गाजलेल्या गुलाबाच्या आकाराच्या उपकरणाचं बघा. ते कुठल्या एका कंपनीचं नाही, त्याच्या असंख्य नकला फिरतात, खोक्यावर उत्पादकाचं नाव नसतं, सामग्रीच्या जागी नुसतं ‘सॉफ्ट’ लिहिलेलं असतं. जोडावर खाचा असतात आणि खाचांत घाण साठते. उग्र रासायनिक वास येणारं, चिकट लागणारं मऊ प्लास्टिक नाजूक त्वचेला लावू नये. मेडिकल ग्रेड सिलिकॉन किंवा एबीएस (कडक प्लास्टिक) असं स्पष्ट लिहिलेलंच घ्यावं.

या विषयावरचे बहुतेक सल्ले असं गृहीत धरतात की बाईला स्वतंत्र खोली आहे, चोवीस तास वीज आहे, न्हाणीघरात नळ आहे. अक्कलकुव्याच्या घरातून निवड करायची तर निकष बदलतात. तो बदल समजून घेतला की ‘शहरी चोचले’ म्हणणाऱ्यांचा अर्धा मुद्दा तिथेच गळून पडतो. वस्तू शहरात जन्मली एवढ्यावरून ती शहराचीच राहावी असं कुठे आहे? मोबाईलही मोलगीत बनलेला नव्हता.

पहिला निकष आवाज. कुडाच्या भिंतीला शेणमातीचा गिलावा असतो आणि पलीकडे सासू झोपलेली असते. सरकारी क्वार्टरची भिंतही फार जाड नसते. हवेच्या स्पंदनांची उपकरणं त्वचेला नीट टेकलेली असताना बरीच शांत असतात, आणि उचलली की एकदम भुणभुणतात. त्यामुळे आधी टेकवून मग चालू करणं, उचलण्याआधी बंद करणं, ही सवय जाहिरातीतल्या कुठल्याही ‘सायलेंट’ शब्दापेक्षा कामाची. यासाठी बटण अंधारात बोटाला कळेल असं हवं, आणि वाढवण्याचं व कमी करण्याचं बटण वेगवेगळं. एकाच बटणाने अकरा पायऱ्या चढत जाऊन मग बंद होणारं उपकरण अशा घरात निरुपयोगी.

दुसरा निकष वीज. लाईट गेली की केव्हा येईल याचा भरवसा नसेल, तर यूएसबीने, पॉवर बँकेवर चार्ज होणारं उपकरण घ्यावं. काही कंपन्यांची चुंबकी वायर दुसऱ्या उपकरणाला चालत नाही आणि हरवली तर नंदुरबारच्या बाजारातही मिळत नाही. साध्या टाईप-सी छिद्राचं उपकरण मिळालं तर उत्तम. आणि चार्जिंगची हमी अजिबातच नसेल तर किराणा दुकानातल्या पेन्सिल सेलवर चालणारं साधं, लहान, नेहमीचं व्हायब्रेटर हाही पूर्ण प्रतिष्ठित पर्याय आहे. हवेचं उपकरण आधुनिक आहे म्हणून ते प्रत्येकीला जास्त सुख देईल असा नियम नाही. काहींना थरथरच आवडते, काहींना हवेची स्पंदनं फार टोचतात.

पाण्याचं सांगायचं तर आयपीएक्स7 हे चिन्ह पाहावं. एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल, असा त्याचा अर्थ. ‘वॉटर रेझिस्टंट’ एवढंच लिहिलेलं असेल तर नळाखाली धरू नये. वाटीचं टोक काढून धुता येतं का, हे विकत घेण्याआधीच बघावं. सौम्य साबण, पाणी, स्वच्छ फडकं आणि पूर्ण वाळवणं एवढं पुरतं. वंगणासाठी पाण्यावर आधारित जेल वापरावं. सिलिकॉनचं जेल सिलिकॉनलाच खराब करू शकतं, आणि घरातलं खोबरेल तेल वाटीच्या खोबणीत अडकून बसतं, शिवाय कंडोमचं रबर खराब करतं.

वाटीचं तोंड किती मोठं, हा खरं तर सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न. प्रत्येकीच्या शरीराचं माप निराळं असतं. तोंड लहान पडलं तर कडा टोचते, मोठं पडलं तर हवा निसटते आणि काही जाणवत नाही. दोन मापांची टोकं सोबत देणारं उपकरण पहिल्या खरेदीला सोयीचं. आणि सर्वात खालची पायरी खरोखर हलकी हवी. कंपन्या सर्वात जोरदार पायरीची जाहिरात करतात, कामाला येते ती सर्वात हळू पायरी.

मोबाईल ॲपवर चालणारी उपकरणं मात्र टाळावीत. घरात मोबाईल एक आणि तो हाताळणारी माणसं चार, हे एक कारण. दुसरं कारण कॅनडातून आलं. तिथल्या ‘वी-वाइब’ या उपकरणाच्या ॲपने वापराची माहिती, उपकरणाचं तापमान आणि वेग यांसकट, ग्राहकांना नीट न सांगता गोळा केली. त्यावरून खटला झाला आणि 2017 मध्ये कंपनीला सुमारे पावणेचार दशलक्ष डॉलरची तडजोड करावी लागली.

सवय लागते, बधिरपणा येतो, नवऱ्याची गोडी जाते, ही भीती उरते. तिची थट्टा करायची गरज नाही, कारण ती अनेक बायकांची स्वतःची भीती आहे. अमेरिकेत 2009 साली प्रसिद्ध झालेल्या, दोन हजारांवर स्त्रियांच्या पाहणीत निम्म्याहून जास्त जणींनी व्हायब्रेटर वापरलेलं होतं, आणि वापरणाऱ्यांपैकी 71.5 टक्के जणींना त्यामुळे जननेंद्रियांचा कधीच कसलाही त्रास झाला नव्हता. उरलेल्यांना झालेला त्रास बहुतेक थोडा वेळ टिकणारा होता. फार जोराने, फार वेळ वापरलं तर तात्पुरता बधिरपणा येतो. वेग कमी करावा, थांबावं. दुखलं, रक्त आलं, तर वापर बंद करून ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरला दाखवावं, आणि कशामुळे झालं तेही सांगावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि ऐकणाऱ्या डॉक्टरने भुवया उंचावणं ही त्याची चूक. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असलेल्या बाईने ओढ देणारं उपकरण विचारल्याशिवाय वापरू नये. गरोदर बाईनेही आधी विचारावं. नवऱ्याबद्दल म्हणायचं तर वस्तू कपाटात लपवलेली असो की दोघांनी मिळून घेतलेली, तो त्या घरातला निर्णय. कर्त्या बाईच्या शरीरावर गावाने मत देण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

खरेदी करताना एक गोष्ट चिकाटीने मागावी: बिल. ग्राहक संरक्षणाच्या 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विकणाऱ्याला विक्रेत्याचं नाव-पत्ता आणि वस्तूचा मूळ देश दाखवावाच लागतो. तो दिसत नसेल तर तिथून घेऊ नये. उघडलेली वस्तू परत घेत नाहीत, ते स्वच्छतेच्या दृष्टीने बरोबरच आहे. पण बंद पडलेली, भलतीच किंवा वर्णनाशी न जुळणारी वस्तू आली तर बदलून किंवा पैसे परत मागण्याचा हक्क मिक्सरच्या ग्राहकाला आहे तितकाच हिलाही आहे. तक्रार नोंदवायला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन 1915 आहे, जिल्ह्याला ग्राहक आयोग आहे. या वस्तूंचे विक्रेते एका गोष्टीवर निर्धास्त असतात: फसवलं गेलं तरी बाई लाजेपायी तक्रार करणार नाही. तक्रारीच्या अर्जावर वस्तूचं नाव जसं आहे तसं लिहावं, आणि तो अर्ज इतर कुठल्याही अर्जासारखा हातात घेणं हे तिथल्या कारकुनाचं काम आहे.